खेळातील ‘मी’ आणि इतरांचे सत्य

आत्मचरित्राचा वाचक साक्षीदार असतो. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) निवेदकच दगडू आणि दया अशा दोन रूपांत दुभंगतो, वाचक मात्र त्या दुभंगाबाहेर राहतो. आत्मचरित्रपर व्हिडिओ गेम हे अंतर नाकारतो. ॲना ॲन्थ्रोपी यांच्या लिंगबदलाच्या उपचारानुभवावरील ‘डिस्फोरिया’त (२०१२) भिंतीतील फटीतून एक वेडावाकडा ठोकळा न्यायचा असतो, तो जात नाही. खेळणाऱ्याच्या हाती कृती येते, यश येत नाही.

समजा, गांधीबागेतील कापडबाजारात वाढलेला, मध्यंतरी शिक्षण सोडून वडिलांच्या दुकानात बसावे लागलेला विद्यार्थी वर्गप्रकल्प म्हणून त्याच अनुभवाचा छोटा खेळ रचतो. ‘नाही’ म्हणण्याची कळ चालली, तर भोगलेले आयुष्य खोटे ठरते. ती दाबूनही काही घडले नाही, तर खेळ सच्चा वाटतो. (समीक्षक बहुधा येथेच संतुष्ट होऊन थांबतो.) पण खरा नैतिक पेच वडिलांविषयीचा आहे. लिखित आत्मचरित्रात, लेखकाच्या नकळत का होईना, वडील एखाद्या वाक्यात घुटमळतात. खेळात त्यांचा आग्रह हा नियम असतो: दर वेळी तेवढाच, त्याच क्षणी. त्यात योगायोगाची तरतूद केली, तरी ती घुटमळ होत नाही, फासा होतो. आणि त्या फाशाला वडिलांची संमती कोणी विचारलेली नसते.