पुडी कोण आणतं?

मशेरीच्या वासाने उजाडणारी घरं रायगडमधल्या नागावात अजून आहेत. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि ओटीवर बसून दातांवर बोट फिरवायचं. डबी संपली की नातवाला हाक जाते, "बाळा, पळ, पुडी घेऊन ये." उरलेल्या सुट्ट्या पैशांची गोळी त्याची.

२००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकता येत नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर ती कुणालाच विकायची नाही. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. पण "आजीसाठी नेतोय" म्हटल्यावर कुठला दुकानदार हात आखडता घेतो?

मुलगा बिघडला की आपण संगतीला बोल लावतो. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातले १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरताना आढळले. त्यातही खायच्या-लावायच्या तंबाखूची चव घेतलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांनी ती दहा वर्षांची होण्याआधीच घेतली होती. म्हणजे चौथीतली, नाहीतर त्याहूनही लहान पोरं. त्या वयात संगत असते ती घरच्यांचीच.

पुढे मिसरूड फुटतं आणि शनिवार-रविवारी येणारे पर्यटक पाहुणे दिसू लागतात. त्यांच्या दारूसाठी बर्फ-सोडा नेऊन दिला की वर दहा-वीस रुपये सुटतात, आणि मोठ्यांची मौज जवळून बघायला मिळते. त्या पोरांना मी दोष देत नाही.

पण हे बदलता येतं. आइसलंडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांची ४२ टक्के मुलं आदल्या महिन्यात एकदा तरी दारूने झिंगलेली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. तिथे भाषणांपेक्षा खेळांच्या क्लबांवर पैसा खर्च झाला, आणि आईबापांनी मुलांना वेळ द्यावा म्हणून धोशा लावला गेला. कबड्डी तर रायगडच्या रक्तात आहे, मैदानाला पुळण आहे. अडतं ते वेळेपाशी. संध्याकाळी पोरगा कुठे आहे हे विचारायची वेळ आणि घरगुती खानावळीत पाहुण्यांचं जेवण रांधायची वेळ एकच. त्या आईला 'मुलांकडे लक्ष द्या' असं सांगणं म्हणजे तिची थट्टाच. त्यापेक्षा गावातल्या मंडळाने शनिवारचा सराव नेमका त्याच वेळी ठेवावा.

आणि पुडी आणायला आजीने घरातल्या मोठ्याला पाठवावं. कुणी मोकळं नसेल तर स्वतः चालत जावं. तेवढेच पाय मोकळे होतील.