उघडल्याची खूण

जुन्या मराठी घरांत टपालाने येणाऱ्या पत्रांचे दोन वर्ग असत. पोस्टकार्ड सगळ्यांचे, ज्याच्या हाती पडे तो ते वाची, आणि लिहिणाराही तसे गृहीत धरूनच लिही. पाकीट मात्र ज्याच्या नावाचे त्याचे. हा नियम नेहमी पाळला जाई असे नव्हे. सुनेला माहेराहून आलेले पाकीट सासरच्या वडीलधाऱ्यांनी आधी फोडावे, हे अनेक घरांत घडे. पण फोडलेले पाकीट फोडलेले दिसे. वाफेवर डिंक सोडवून ते पुन्हा चिकटवले, तरी कागदाला सुरकुती राही. ज्याचे पत्र त्याला ती दिसे, आणि ती दिसणार आहे याची जाणीव फोडणाऱ्यालाही असे. त्या जाणिवेने पुष्कळ हात आवरले गेले असतील असे आम्हांस वाटते. ज्या काळात पत्र वाचूनही सुरकुती पडत नाही, त्या काळात हात कशाने आवरावा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आज घरातील एखादी थोर व्यक्ती निवर्तली म्हणजे मागे पत्रांच्या पेटीऐवजी बहुधा ई-मेलचे खाते उरते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या कुटुंबांची मुले-नातवंडे दूरदूर पांगलेली. त्यामुळे वीस-वीस वर्षांचा पत्रव्यवहार या एका खात्यात साठलेला असतो. त्यात परदेशातील लेकीची खुशाली असते, मंडळाच्या जमाखर्चाचे कागद असतात, डॉक्टरांचे अहवाल असतात आणि वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीवरून भावाशी झालेली कटू बोलाचालीही असते. हा ठेवा माळ्यावर टाकून पुढे सवडीने पाहू, असे म्हणण्याची सोय मात्र राहिलेली नाही. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसली जाऊ शकतील, असे गूगलने २०२३ साली जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून ते अमलात आणण्यास आरंभ केला. म्हणजे काहीच केले नाही तर ठेवा नष्ट होण्याचा संभव, आणि तो उतरवून घ्यावा तर दुसऱ्याच्या खाजगी जीवनात शिरल्याचा दोष. या पेचात सापडलेल्या घरात संगणकाचे शिक्षण घेतलेला एखादा नातू म्हणतो, ‘आजी, दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम लिहितो, आजोबांची सगळी पत्रे तासाभरात उतरतील.’

नातू म्हणतो ते खरे आहे. ते कसे घडते हे समजून घेतल्यावाचून त्याची नीती ठरवता येणार नाही.

पत्रे एका दूरस्थ संगणकावर असतात; त्याला मेल सर्व्हर म्हणतात. त्याच्याकडून पत्रे मिळवण्याचे दोन प्रमुख संकेत रूढ आहेत. १९८४ साली प्रथम नोंदला गेलेला ‘पॉप’ हा संकेत म्हणजे डाकघरात जाऊन आपले टपाल घरी घेऊन येणे. घरी आणल्यावर तेथील प्रत काढून टाकण्यास सांगता येते. पण सर्व्हर ती लगेच नष्ट करीत नाही. रीतसर निरोप घेतला तरच ती जाते. मध्येच तार तुटली तर पत्र जागच्या जागी राहते. दुसरा संकेत ‘आयमॅप’. तो स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली रचला, आणि त्याची सुधारलेली आवृत्ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. यात पत्रे तेथेच राहतात, आपण येथून ती पाहतो, आणि प्रत्येक पत्रावर सर्व्हर काही खुणा बाळगतो: पाहिले, उत्तर दिले, काढून टाकायचे.

पायथनसारख्या भाषेबरोबर या दोन्ही संकेतांसाठी तयार लायब्ररी मिळते. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे कपाट नव्हे. इतरांनी लिहून ठेवलेल्या, हव्या तेव्हा वापरता येणाऱ्या आज्ञांचा संच. जोडणी करावी, नाव आणि परवलीचा शब्द सांगावा, पेटी निवडावी, पत्रांचे क्रमांक मागावेत आणि एकेक पत्र आणावे, एवढेच काम. आयमॅपमध्ये पत्राचा मजकूर नेहमीच्या रीतीने मागितला, तर सर्व्हर आपण होऊन त्यावर ‘पाहिले’ अशी खूण करतो. पण त्याच आज्ञेचे दुसरे रूप आहे. त्याचे इंग्रजी नाव ‘पीक’, म्हणजे डोकावणे. त्या रूपाने मागितले तर तेच पत्र अक्षरशः जसेच्या तसे हाती येते, आणि खूण मात्र होत नाही.

हे डोकावण्याचे रूप चोरासाठी निर्माण झाले, असा समज कोणी करून घेऊ नये. ‘पाहिले’ ही खूण म्हणजे मालकाने पत्र पाहिले याची ग्वाही. प्रत ठेवणाऱ्या किंवा यादी करणाऱ्या यंत्रानेही ती उमटवली, तर मालकाची न वाचलेली पत्रे वाचलेल्यांत मिसळून जातील. तेव्हा खूण न करण्यात एक प्रामाणिकपणाच आहे. परंतु यंत्राने प्रत घेणे आणि माणसाने चोरून वाचणे या दोन्ही कृती सर्व्हरला सारख्याच दिसतात. कोण केव्हा खात्यात शिरले याची नोंद कंपनीकडे राहत असेल. पत्रावर मात्र काही उरत नाही.

शिवाय सर्व्हर विचारतो काय? तो किल्ली विचारतो. आता पुष्कळ सेवांत साधा परवलीचा शब्द पुरत नाही. प्रोग्रॅमसाठी वेगळा शब्द किंवा परवाना लागतो, फोनवर येणारा आकडा सांगावा लागतो. पण निवर्तलेल्या माणसाचा फोन घरातच टेबलाच्या खणात असतो. किल्ली खरी आहे की नाही एवढे यंत्र तपासते. ती कोणाच्या हातात आहे आणि त्या हाताला अधिकार कोणी दिला, हे प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचे आहेत.

कायद्याने या प्रश्नांना जुन्या काळापासून हात घातला आहे. १७४१ साली इंग्लंडमध्ये कवी अलेक्झांडर पोप आणि प्रकाशक कर्ल यांच्या खटल्यात असा निर्णय झाला, की पत्राचा कागद ज्याला ते मिळाले त्याचा, पण मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा. म्हणजे एका पत्राला दोन धनी असतात. अमेरिकेच्या मरीन दलातील एक जवान २००४ साली इराकमध्ये मारला गेला. त्याची पत्रे देण्यास याहू कंपनीने खाजगीपणाच्या करारावर बोट ठेवून नकार दिला. २००५ साली मिशिगनमधील न्यायालयाच्या आदेशानंतर ती पित्याला मिळाली. भारतात २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, आपल्या मृत्यूनंतर आपले हक्क कोणी बजावावेत यासाठी नामनिर्देशनाची तरतूद केलेली आहे. पण पत्रे कोणाच्या स्वाधीन करावी, हे सांगून कायदा थांबतो. स्वाधीन झालेली पत्रे मुलाने वाचावीत काय, हे तो सांगत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. दुसऱ्यांच्या पत्रांची रुमाले सोडली गेली नसती, तर मराठ्यांचा इतिहास लिहिला गेला नसता. राजवाड्यांनी घरोघर हिंडून कागद जमवले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. बडोद्याच्या सेवेत वर्षे घालवलेल्या गोविंद सखाराम सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. त्यांत राजकारणाच्या जोडीला घरगुती सुखदुःखेही आहेत. त्यांनी संकोच केला असता तर आपण केवढ्या ठेव्याला मुकलो असतो!

हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्यांची पत्रे उघडली गेली ते, आणि ज्यांच्याविषयी ती होती तेही, शतकापूर्वी कालवश झालेले होते. मध्ये गेलेल्या काळाने लाजही सौम्य केली होती आणि वैरही. आजोबांच्या खात्यातील पत्रे लिहिणारे हयात आहेत. आपल्या मुलाच्या व्यसनाविषयी ज्या मित्राने आजोबांना विश्वासाने लिहिले, तो कदाचित पुढच्याच गल्लीत राहतो. आजोबा गेले, त्यांच्यावर टाकलेला विश्वास त्यांच्याबरोबर गेला नाही. मृताला आता लाज नाही, एवढ्या कारणाने पत्र मोकळे होत नसते, कारण दुसरा धनी जिवंत आहे. राजवाडे आणि सरदेसाई यांचे उदाहरण कागद नष्ट होऊ न देण्याचा धडा देते. ते आजच वाचण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

आणि यंत्राने येथे एक सोय करून दिली आहे, जी कागदाच्या काळात नव्हती. आणणे आणि वाचणे या दोन कृती त्याने वेगळ्या केल्या आहेत. प्रोग्रॅम हजारो पत्रे उतरवतो आणि त्यांतील एकही कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून, आजोबांनी त्याविरुद्ध काही सांगून ठेवले नसेल आणि वारसांची संमती असेल, तर नातवाने पत्रे जरूर उतरवावीत. पेटी केवळ वाचनासाठी उघडून, डोकावण्याच्या रूपाने, मूळचे काहीही न पुसता. उतरवलेला संग्रह बंद ठेवावा. बँक, विमा, मंडळाचे हिशेब यांची पत्रे तेवढी प्रेषकाच्या नावावरून शोधून काढावीत. इतर एखादे पत्र उघडणे भागच पडले, तर कोणी, केव्हा आणि कशासाठी उघडले हे एका वहीत लिहावे आणि ती वही भावंडांना दाखवावी. जी खूण यंत्र करीत नाही ती आपण आपल्या हाताने करावी, इतकाच याचा अर्थ. जे दाखवण्याची तयारी नाही, ते वाचूही नये.

यापेक्षा चांगला मार्ग पत्रांच्या मालकाकडेच आहे. आपल्यानंतर खाते कोणाच्या हाती जावे, की पुसले जावे, हे सांगून ठेवण्याची सोय गूगलने २०१३ पासून दिलेली आहे. इतर खात्यांसाठी मृत्युपत्रात चार ओळी लिहिता येतात. वाड्याची, दागिन्यांची, देवघरातील टाकांची व्यवस्था आपली पिढी सांगून ठेवते. पत्रांविषयी मात्र ती गप्प राहते, आणि मग जे स्वतः ठरवायला हवे होते ते दुःखात असलेल्या मुलांनी ठरवावे अशी वेळ आणते. कोणती पत्रे ठेवावीत, कोणती न वाचता पुसावीत आणि कोणती पन्नास वर्षांनी उघडावीत, हे आपल्या हयातीत कागदावर उतरवणे फार कठीण नाही. ते आपण करावे.