साक्षी आणि घड्याळ

देह म्हणजे हार्डवेअर आणि आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर, ही उपमा प्रवचनांतून अलीकडे रूढ झाली आहे. ती चटकन पटते. परंतु ज्या दर्शनांच्या आधाराने ती सांगितली जाते त्यांच्याच परिभाषेशी ती जुळत नाही, आणि हा विसंवाद एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली नांदवणाऱ्या ‘ड्युअल बूट’ व्यवस्थेत विशेष स्पष्ट दिसतो. कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम, ही यंत्राची स्मृती, डिस्क, कळफलक आणि पडदा यांचा कारभार पाहते. डिस्कचे विभाग, ज्यांना पार्टिशन म्हणतात, पाडून एकात विंडोज आणि दुसऱ्यात लिनक्स ठेवले, की यंत्र सुरू होताना ‘ग्रब’ ही छोटी आज्ञावली दोन्ही नावे पडद्यावर मांडते, निवडलेल्या प्रणालीची वाट मोकळी करते आणि स्वतः बाजूला होते. त्यानंतर एकच प्रणाली जागी असते. दुसरी डिस्कवर नुसती लिहिलेली असते.

आज्ञावलीला आत्मा मानले तर या एका देहात आळीपाळीने दोन आत्मे वावरतात असे म्हणावे लागेल. सांख्यांना ही अडचण येत नाही, कारण बुद्धी, अहंकार आणि मन ही तिन्ही त्यांच्या मते प्रकृतीचीच कार्ये आहेत. निश्चय करणे, ‘माझे’ म्हणणे, संकल्प करणे हे सारे जडाच्या बाजूला पडते आणि पुरुष, म्हणजे केवळ चैतन्य, यांपैकी काहीच करत नाही. त्या हिशेबाने कार्यप्रणालीची तुलना फार तर अंतःकरणाशी, म्हणजे या तिघांच्या समूहाशी, होऊ शकते. सूक्ष्म असणे आणि चेतन असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भारतीय तत्त्वचिंतनातला अतिशय मोलाचा भेद या लोकप्रिय उपमेत पुसला जातो, आणि म्हणून ती निरुपद्रवी म्हणून सोडून देणे योग्य नव्हे.

प्रश्न खरा अवघड होतो तो स्मृतीपाशी. नैयायिक आत्म्याच्या सिद्धीसाठी प्रतिसंधानाचा आधार घेतात: ‘जे पाहिले तेच आता मी स्पर्शाने जाणतो’ असे दोन ज्ञानांना जोडणारे भान एकाच ज्ञात्यावाचून संभवत नाही, कारण देवदत्ताने पाहिलेले यज्ञदत्ताला आठवत नाही. ड्युअल बूटमधल्या दोन प्रणाली अशाच देवदत्त-यज्ञदत्तासारख्या असतात. दोघींना वाचता येईल अशा सामाईक पार्टिशनमध्ये विंडोजने ठेवलेली फाइल लिनक्सला उघडता येते, पण त्यातून मिळते ती माहिती. ‘हे मी लिहिले’ ही आठवण तिच्याबरोबर येत नाही. यावर बौद्ध, विशेषतः योगाचार पंथाचे विचारवंत, विचारतील की आठवण तरी संस्कारांच्या अखंड प्रवाहाहून वेगळी काय आहे. त्यांच्या आलयविज्ञानात, म्हणजे संस्कारबीजे साठवणाऱ्या विज्ञानप्रवाहात, स्थायी ज्ञात्याची गरजच उरत नाही. यंत्रापुरते बौद्धांचे म्हणणे तंतोतंत लागू पडते. 2012 मध्ये आलेल्या विंडोज 8 पासूनची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय याचे उत्तम उदाहरण आहे: यंत्र बंद करताना विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि पुन्हा सुरू होताना तीच उचलते, त्यामुळे मध्यंतरी लिनक्सने त्या पार्टिशनमध्ये फेरफार केल्यास विंडोजने जपलेले डिस्कचे चित्र आणि प्रत्यक्ष डिस्क यांचा मेळ बसत नाही व फाइली बिघडू शकतात. येथे सातत्य आहे, संस्कार आहे, जुन्या समजुतीला चिकटून राहणेही आहे. त्यासाठी कोणी आत्मा मानावा लागत नाही.

अद्वैत वेदान्त हाच प्रश्न निद्रेच्या बाजूने विचारतो. माण्डूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्था सांगून त्यांपलीकडचे चौथे, तुरीय, निर्दिष्ट केले आहे. गाढ झोपेतून उठलेला मनुष्य ‘सुखाने झोपलो, काही कळले नाही’ असे म्हणतो, त्या अर्थी त्या न कळण्यालाही कोणी साक्षी होता, असा वेदान्त्यांचा युक्तिवाद आहे. संगणकात दोन्ही प्रणाली बंद असतानाही जागे राहणारे काही शोधायचे झाले, तर ते मदरबोर्डवरचे घड्याळ होय. नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणाऱ्या या घड्याळातला क्वार्ट्‌झ स्फटिक सेकंदाला 32,768 कंपने करतो आणि कोणती प्रणाली जागी आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. साक्षीची उपमा द्यायला याहून योग्य भाग यंत्रात नाही, आणि तरीही ती उपमा टिकत नाही. या घड्याळातील अंक विंडोज स्थानिक वेळ म्हणून वाचते, तर लिनक्स बहुधा जागतिक प्रमाणवेळ म्हणून. परिणामी भारतात लिनक्स वापरून झाल्यावर विंडोज उघडले, की सकाळच्या दहा वाजता पडद्यावर साडेचार दिसू शकतात. घड्याळ मोजते, पण आपण काय मोजतो हे त्याला ठाऊक नसते. अंकांना अर्थ देणारी प्रत्येक प्रणाली आपल्या अर्थाला सत्य मानते. इंटरनेटवरून खरी वेळ मिळाली की अंक दुरुस्त होतात, पण दुसरी प्रणाली जागी झाली की घोळ पुन्हा उद्भवतो.

साडेपाच तासांची ही विसंगती, विसंगती म्हणून, कळते ती केवळ यंत्रासमोर बसलेल्या माणसाला, कारण दोन्ही पडद्यांवरच्या वेळा त्यानेच पाहिलेल्या असतात आणि पहिली विसरण्याआधी दुसरी पाहिलेली असते. नैयायिक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतील की प्रतिसंधान ते हेच. बौद्ध त्या माणसालाही एक प्रवाहच म्हणतील आणि वेदान्ती त्याच्या स्मृतीचीही गणना अंतःकरणात करून साक्षी आणखी मागे शोधतील. तिघांच्याही वादाचा विषय यंत्रात नसून त्या खुर्चीत आहे.