टिपणें, दुवे आणि विवेक

टिपण करणें हा विद्याभ्यासाचा साहाय्यक व्यापार आहे, कीं विद्येच्या जागीं येऊन बसणारा तिचा तोतया आहे, हा प्रश्न वरवर पाहणारास क्षुल्लक वाटेल. लिहून ठेवावें म्हणजे विसर पडत नाहीं, हा उपदेश आपण सर्वांनीं शाळेंत ऐकलेला असतो, आणि त्यांत वाद घालण्यासारखें कांहीं आहे असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु अलीकडे संगणकावर टिपणें ठेवण्याची एक विशिष्ट पद्धति अभ्यासकांत, लेखकांत आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणांत फार प्रिय झाली आहे. तिच्यामुळें हा जुना प्रश्न नव्या निकडीनें पुढें आला असून तो केवळ सोयीचा नाहीं, नीतीचाहि आहे, असें आम्हांस वाटतें.

ह्या पद्धतीचें स्वरूप थोडक्यांत असें आहे. एका टिपणांत एकच विचार लिहावयाचा. तो स्वतःच्या शब्दांत लिहावयाचा. आणि ज्या ज्या दुसऱ्या टिपणांशीं त्याचा संबंध पोहोंचतो त्यांचीं नांवें दुहेरी चौकटी कंसांत घालून तेथें दुवा द्यावयाचा. असा दुवा दिला म्हणजे ज्या टिपणाकडे आपण बोट दाखविलें, त्याच्या पोटांतहि ह्या संबंधाची नोंद आपोआप उमटते. विषयवार कप्पे आधींपासून पाडून ठेवावयाचे नसतात. दुवे वाढतां वाढतां विषय आपोआप आकारास येतात. निक्लास लूमान (१९२७–१९९८) हा जर्मन समाजशास्त्रज्ञ हेंच काम संगणकावांचून, कागदाच्या चिठ्ठ्यांवर करीत असे. त्याच्या लांकडी खणांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या जमल्या होत्या, आणि प्रत्येक चिठ्ठीस क्रमांक असल्यामुळें एक चिठ्ठी दुसरीस हांक मारूं शकत असे. १९८१ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत त्यानें आपल्या ह्या पेटीस संवादाचा सोबती मानिलें आहे. अमेरिकेंत व्हॅनेव्हर बुश ह्यानें १९४५ सालींच अशा एका यंत्राची कल्पना मांडली होती, कीं ज्यांत वाचक आपल्या वाचनाच्या वाटा आंखून ठेवील आणि त्या दुसऱ्याच्या हवालीं करूं शकेल.

तथापि ही युक्ति परक्या देशांतून आली, एवढ्यावरून तिचें कौतुक किंवा तिचा तिरस्कार करण्याचें कारण नाहीं. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईस ज्यांनीं दासोपंतांची पासोडी पाहिली किंवा तिचें वर्णन ऐकलें असेल, त्यांना ह्या पद्धतीचें बीज ओळखीचें वाटेल. दासोपंत (१५५१–१६१५) हे मराठींतील अफाट लेखन करणाऱ्या ग्रंथकारांपैकीं एक होत. त्यांचा गीतार्णव सव्वा लक्ष ओव्यांचा मानितात, आणि त्यांना लिहिण्यासाठीं रोज ढब्बू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका आहे. इतक्या लिहित्या पुरुषानें पंचीकरणाचा विषय मांडतांना कागद बाजूस सारला आणि सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर तो लिहून काढला. असें त्यांनीं कां केलें असावें ह्याबद्दल आमचा तर्क इतकाच आहे, कीं पंचीकरण हा विषयच असा आहे कीं तो पानांत तोडला म्हणजे तुटतो. पृथ्वी, आप, तेज, वायु आणि आकाश हीं पांच भूतें एकमेकांत कशीं मिसळलीं हें त्यांत सांगावयाचें असतें. पृथ्वीचें पान उलटून आपाचें पान काढावें तर पहिलें दृष्टीआड होतें. पासोडीवर मात्र डोळा हवा तिकडे फिरतो.

पंचीकरणाचें गणितहि लक्षांत घेण्यासारखें आहे. प्रत्येक स्थूल भूतांत अर्धा भाग त्याचा स्वतःचा, आणि उरलेला अर्धा इतर चार भूतांचा, म्हणजे प्रत्येकाचा एक अष्टमांश, असें हें शास्त्र सांगतें. पदार्थविज्ञान ह्या नात्यानें हा सिद्धान्त आज कोणी स्वीकारणार नाहीं. पण उत्तम टिपण कसें असावें ह्याचें ह्याहून नेमकें प्रमाण आम्हांस ठाऊक नाहीं. ज्या टिपणांत लिहिणाराचें स्वतःचें कांहींच नाहीं तें केवळ उतारा होय. आणि जें दुसऱ्या कशाशींच मिसळत नाहीं तें, तत्त्ववेत्त्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर, अजून सूक्ष्मच राहिलेलें असतें. व्यवहारांत त्याचा उपयोग होत नाहीं.

आतां पूर्वपक्षाकडे वळूं. पहिला आक्षेप स्मरणाच्या बाजूनें येतो. पोथींतली विद्या ही दुसऱ्याच्या हातांतील धनासारखी, ऐन वेळीं कामास न येणारी, असें आपल्या सुभाषितकारांनीं बजावलें आहे. आणि लेखनकलेमुळें लोक स्मरणशक्ति गमावतील, त्यांना ज्ञानाचा भास होईल पण ज्ञान होणार नाहीं, अशी भीति प्लेटोनें सॉक्रेटिसाच्या मुखानें व्यक्त केली आहे. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्यानें दहा हजार टिपणें जमविलीं पण ज्याला त्यांतील एकहि विषय कागदाशिवाय दहा मिनिटें बोलतां येत नाहीं, त्याच्याजवळ विद्या नसून विद्येची पावती आहे.

परंतु स्मरण आणि लेखन ह्यांना एकमेकांचे वैरी समजणें हेंहि खरें नव्हे, आणि ह्याचा पुरावा आपल्याच वाङ्मयांत आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास म्हाइंभटांनीं लीळाचरित्रासाठीं ठिकठिकाणीं हिंडून, ज्यांनीं चक्रधरस्वामींना पाहिलें होतें अशांना विचारून, एकेक लीळा टिपून घेतली. पुढें परचक्राच्या धामधुमींत मूळ ग्रंथ नाहींसा झाला. तेव्हां हिराइसेसारख्या भक्तांच्या स्मरणांतून तो पुनः उभा करण्यांत आला, अशी त्या पंथाची परंपरा सांगते. लेखनानें स्मरणाला पुष्ट केलें, आणि संकट आलें तेव्हां स्मरणानें लेखनाला वांचविलें. इतकेंच नव्हे, तर त्या ग्रंथांत एकच गोष्ट निरनिराळ्या स्मरणांत कशी होती ह्याचे पाठभेद नांवानिशीं राखलेले आहेत. पुढें केसोबासांनीं लीळांतून स्वामींचीं वचनें निवडून सूत्रपाठ सिद्ध केला, आणि कोणतें सूत्र कोणत्या प्रसंगीं निघालें हें सांगणारा प्रकरणवश नांवाचा ग्रंथप्रकारहि त्या पंथांत निर्माण झाला. सूत्राकडून प्रसंगाकडे आणि स्थानपोथीवरून प्रसंगाच्या ठिकाणाकडे अशी ही ये-जा होती. सातशें वर्षांपूर्वीं मराठी माणसानें दुवे विणले ते संग्रहाच्या हौसेनें नव्हेत. वचन प्रसंगापासून तुटलें कीं त्याचा अर्थ कोणीहि हवा तसा वांकवितो, हें त्याला ठाऊक होतें म्हणून.

दुसरा आक्षेप लोभाचा आहे, आणि तो आम्हांस पहिल्याहून गंभीर वाटतो. धनाचा संग्रह करणारास आपण कृपण म्हणतों. मग वाचलेल्या प्रत्येक वाक्याचा संग्रह करणारास विद्वान् कां म्हणावें? टिपणें ठेवण्याच्या ह्या नव्या साधनांत जो तो आपल्या दुव्यांचें जाळें चित्ररूपानें पाहूं शकतो. शेंकडों ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा पाहून आपण फार कांहीं जाणतों असें मनास वाटूं लागतें. एक साधन सोडून दुसरें घ्यावें, जुनीं टिपणें त्यांत हलवावीं, त्यांस रंग द्यावेत, ह्यांतच कित्येकांचे महिने जातात आणि लेख मात्र लिहून होत नाहीं. हा दोष साधनाचा नसून वृत्तीचा आहे, असें म्हणून सुटतां येणार नाहीं. कारण जें साधन संग्रह फुकट करून टाकतें तें त्या वृत्तीस खतपाणी घालीतच असतें. ह्यावर कसोटी एकच आहे: ह्या टिपणांतून कांहीं बाहेर पडलें काय? लूमानच्या पेटीचें महत्त्व तिच्यांतील चिठ्ठ्यांच्या संख्येंत नाहीं. तिच्यांतून दुसऱ्यांना वाचण्याजोगे ग्रंथ मोठ्या संख्येनें बाहेर पडले, ह्यांत आहे. आड भरलेला आहे कीं नाहीं हें पोहऱ्यावरून कळतें.

येथें प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचें उदाहरण फार बोधक आहे. त्यांचा धंदा असा आहे कीं आज लिहिलेली ओळ सहा महिन्यांनीं दुसराच कोणी दुरुस्त करतो, आणि पुष्कळदां तो दुसरा म्हणजे सर्व विसरून गेलेला तोच असतो. ओळ काय करते हें ओळीवरून कळतें. ती तशी कां लिहिली, कोणता सोपा मार्ग आधीं करून पाहिला आणि कां सोडला, हें मात्र तिच्यांत कोठेंच नसतें. १९८४ सालीं डोनल्ड नूथ ह्यानें असें प्रतिपादन केलें, कीं प्रोग्रॅम हा यंत्राला दिलेला हुकूम न मानतां माणसाला समजावून सांगण्याचा निबंध मानून लिहावा. १९८९ सालीं टिम बर्नर्स-ली ह्यानें जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेपुढें जी योजना ठेवली आणि जिच्यांतून पुढें जगभरचें वेब निर्माण झालें, तिच्या मुळाशींहि हीच चिंता होती: माणसें येतात, जातात, आणि त्यांच्याबरोबर माहितीहि नाहींशी होते. म्हणजे दुव्यांचें हें सारें विश्व मूळांत मागून येणाराविषयींच्या काळजींतून जन्मलें आहे. टिपण हें ह्या दृष्टीनें पाहिलें तर संग्रह नसून दान आहे, आणि लोभाच्या आक्षेपास खरें उत्तर हेंच होय.

हें सर्व बीडसारख्या जिल्ह्याच्या संदर्भांत केवळ पांडित्याचें राहत नाहीं. पाटोदा, आष्टी, धारूर अशा तालुक्यांतील मुलगा मराठी शाळेंत शिकतो आणि पुढें अभियांत्रिकीचा अभ्यास त्याला इंग्रजींत करावा लागतो. इंग्रजी वाक्य न समजतां उतरून घेणें आणि परीक्षेंत न समजतां पुनः उतरविणें ही सोय त्याच्यापुढें सदैव मोकळी असते, आणि ती त्याला उत्तीर्णहि करते. जो ह्या पद्धतीनें, एका टिपणांत एक कल्पना, स्वतःच्या मराठींत मांडावयास बसेल, त्याला आपल्याला काय समजलें नाहीं हें पहिल्या तीन ओळींतच कळेल. आपल्याच भाषेंत आपल्याला फसवितां येत नाहीं. ती ओळ मग इंग्रजी संज्ञेशीं जोडली कीं दोन भाषांमधील भिंतीस एक दार पडलें. अशीं दारें शंभर झालीं कीं ती भिंत राहत नाहीं.

त्याच जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास मोठ्या संख्येनें कुटुंबें ऊसतोडीस बाहेर पडतात, आणि त्यांच्या मुलांच्या अभ्यासाचा धागा मध्येंच तुटतो. दुव्यांच्या टिपणांनीं हा सामाजिक प्रश्न सुटेल असें म्हणणें हास्यास्पद होईल. तो मजुरीचा, पाण्याचा आणि शाळांचा प्रश्न आहे. परंतु ज्याचा वेळ सलग आहे त्यापेक्षां ज्याचा वेळ तुटका आहे त्यालाच टिपणाची गरज अधिक असते, ही गोष्ट ह्यावरून ध्यानांत यावी. जेथें सोडलें तेथून पुढें जातां येणें हें सुखवस्तु माणसाच्या लेखीं सोयीचें असतें. इतरांच्या लेखीं तें शिक्षणच होय. आणि साध्या मजकुराच्या फाइली कोणत्याहि स्वस्त मोबाइलवर उघडतात, त्यांना मोठ्या यंत्राची गरज नाहीं.

राहतां राहिला दुव्याच्या सत्यतेचा प्रश्न. दोन गोष्टींत दुवा घालणें म्हणजे त्यांत संबंध आहे असें विधान करणें होय, आणि प्रत्येक विधानाची जबाबदारी विधान करणारावर असते. इतिहासाचार्य राजवाडे (१८६३–१९२६) ह्यांचें उदाहरण घ्या. ज्ञानेश्वरीची जी जुनी पोथी त्यांनीं १९०९ सालीं छापली ती त्यांना बीडलाच मिळाली होती. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे त्यांनीं २२ खंड काढले. त्या खंडांत कागद वेगळे आहेत आणि प्रस्तावना वेगळ्या आहेत. कागद म्हणजे टिपणें आणि प्रस्तावना म्हणजे दुवे. त्यांचीं कित्येक अनुमानें पुढील पंडितांनीं मान्य केलीं नाहींत, परंतु कागद कागदच राहिले, आणि त्यांच्याच आधारें त्यांना खोडून काढतां आलें. ज्या टिपणांत आधार आणि अनुमान एकत्र कालविलेलें असतें त्याला असें खोडून काढतां येत नाहीं, आणि म्हणून तें सुधारतांहि येत नाहीं.

हा इशारा आज विशेष लागू आहे. आतां यंत्रेंच टिपणें वाचून त्यांतील संबंध सुचवूं लागलीं आहेत. शब्द सारखे दिसले कीं यंत्र दुवा सुचवितें. तो घेणें एका बोटाचें काम आहे. पण दुवा कां दिला हें एका वाक्यांत लिहितां येत नसेल तर तो देऊं नये, असा नियम प्रत्येकानें स्वतःपुरता करावा. यंत्रानें सुचविलेला दुवा हा साक्षीदार समजावा; निवाडा मात्र आपणच केला पाहिजे. हा निवाडा सोडून दिला तर टिपणें आपलीं राहतील, पण विचार आपला राहणार नाहीं.

तेव्हां आमचें मत असें आहे. टिपणानें विद्या येत नाहीं. परंतु विद्या करूं इच्छिणाराची परीक्षा टिपणांत रोज होते. जें लिहिलें तें समजलें काय, कोणापासून घेतलें हें सांगितलें काय, कशाशीं कां जोडलें हें ठाऊक आहे काय, आणि मागून येणाराच्या उपयोगीं पडेल असें त्यांतून कांहीं निघालें काय, हे चार प्रश्न ज्याला आपल्या टिपणवहीस निर्भयपणें विचारतां येतील त्यानें ती खुशाल वाढवावी. ज्याला ते विचारण्याचें भय वाटतें त्यानें नवें टिपण लिहिण्यापूर्वीं जुन्यांतलें एक काढून तें कोणास तरी समजावून सांगावें.