टोकावरची शांती आणि विटेवरची शांती

संतांनी चेंडूफळीच्या खेळातूनही परमार्थ सांगितला. त्याच चेंडूकडे आज भौतिकशास्त्राच्या अंगाने पाहू या. प्रश्न मात्र साधकाचाच आहे. मन शांत झाले, म्हणजे ते विकारांतून सुटले का?

समजा, चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने सरळ वर फेकला. हवेचा विरोध सोडून देऊ. हातातून सुटल्यावर त्याला वर ढकलणारे काही उरत नाही. उरते ती पृथ्वीची ओढ. ती दर सेकंदाला त्याचा वेग ९.८ मीटरने कमी करते. एका सेकंदाने वेग निम्मा, दोन सेकंदांनी शून्य. त्या वेळी चेंडू १९.६ मीटर उंचीवर असतो. पुढच्या दोन सेकंदांत, गेला होता त्याच वेगाने तो परत हाती येतो.

टोकाला वेग शून्य, म्हणून पुष्कळांना वाटते की तिथे ओढही संपली. पण वेग म्हणजे आत्ताची गती, आणि त्वरण म्हणजे त्या गतीत होत असलेला बदल. वर जाताना, टोकाला आणि खाली येताना त्वरण तेच असते, खालच्याच दिशेचे. टोकाला तेही शून्य झाले असते, तर चेंडू अधांतरीच राहिला असता.

एकादशीच्या जागरात, कीर्तनाच्या रंगात आपलेही मन असेच उंच जाते. राग आठवत नाही, लोभ दिसत नाही. वाटते, जिंकले! आणि आठ दिवसांत बांधावरून भावाशी भांडण होते. आपण म्हणतो, एकाएकी तोल गेला. एकाएकी काहीच झालेले नसते, माउली. ओढ वर जातानाही होती, टोकालाही होती. स्मशानवैराग्य टिकत नाही ते याचमुळे.

आता जमिनीवर ठेवलेला चेंडू पाहा. पृथ्वी त्यालाही ओढतेच. पण जमीन त्याला तेवढ्याच बळाने तोलून धरते. म्हणून त्याचा वेग शून्य आणि त्वरणही शून्य. ओढ तशीच आहे, त्याला आधार मिळाला आहे.

आपला विठुरायाही विटेवर उभा आहे. साधकाने विकार पुरते नाहीसे होण्याची वाट पाहत बसू नये, आधार धरावा. नित्याचा हरिपाठ, गळ्यातली माळ, संतांची संगत हा तो आधार. तो रोज लागतो, कारण ओढ रोज आहे. जमीन काढून घेतली, की चेंडू त्याच क्षणी पडू लागतो. वारीसुद्धा एकदा करून संपत नाही, दरवर्षी चालावी लागते, ती यासाठीच.

म्हणून मन शांत असेल तेव्हाच त्याला विचारावे, ही शांती कशावर टेकली आहे? उत्तर ‘माझ्या बळावर’ असे आले, तर ते टोक आहे, सावध व्हावे. ‘नामावर’ असे आले, तर पायाखाली वीट आहे.

रामकृष्णहरि!