पिन बसली म्हणून लावायचं?

बस इथे. ते जळकं खोकं माझ्यासमोर ठेव.

आयटीआयमध्ये दोन वर्षं तुला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवला. एसी आणि डीसीतला फरक पहिल्याच महिन्यात झाला होता. मग एनईएस या गेम कन्सोलचा 9 व्होल्ट एसी देणारा अडॅप्टर जपानी फॅमिकॉम कन्सोलला लावलासच कसा? म्हणे, "पिन बसली, सर." बसणारच! दोन्हीकडे माप एकच आहे. एनईएसच्या पोटात ब्रिज रेक्टिफायर असतो, तो एसी पचवतो. फॅमिकॉमला 10 व्होल्ट डीसी लागतो, तोही मधला पोल निगेटिव्ह. अडॅप्टरच्या पाठीवर सगळं छापलेलं असतं, ते वाचायला अर्धं मिनिट लागत नाही. 1983 साली जपानच्या बाजारात आलेलं हे मॉडेल. इतकी वर्षं टिकलं आणि तुझ्या चिखलीच्या खोलीत एका संध्याकाळी जळालं.

खोली दहा बाय दहाची आहे, हे मला सांगू नकोस. चाकणला तुझ्या लाइनवर फाइव्ह-एस आहे ना? तिथे बोर्डावर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असतो, पाना जागेवर नसला की लांबून कळतं. ऑडिटच्या आदल्या दिवशी तो बोर्ड तूच पुसतोस. आणि घरी? सहा कन्सोलचे सहा काळे अडॅप्टर एकाच पिशवीत कोंबलेले. प्लेस्टेशन 2 शोकेसमध्ये, मागचा पंखा भिंतीला टेकलेला. गरम हवा जाणार कुठून? शिवाय कॅसेट चालली नाही की फुंकर मारतोस. तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात रे! कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायच्या.

ओव्हरटाइम करकरून एकेक मशीन जमवलंस, मला ठाऊक आहे. म्हणूनच जीव तुटतो. साहेब तपासायला येणार म्हणून नीटनेटका राहतोस आणि स्वतःच्या वस्तूंची ही दशा करतोस.

गुरुवारी सुट्टी आहे ना? मी येतो घरी. तोवर एकही प्लग बोर्डात घालायचा नाही. प्रत्येक अडॅप्टरच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लाव; त्यावर मशीनचं नाव, व्होल्ट, एसी की डीसी, मधला पोल कुठला, सगळं लिही. एव्ही सिलेक्टरचा डबा आणून ठेव, म्हणजे दर वेळी टीव्हीमागे हात घालून पिना उपटायला नकोत. फॅमिकॉम भंगारात देऊ नकोस. 7805 रेग्युलेटर आणि कपॅसिटर एवढंच गेलं असेल तर बदलता येईल. सोल्डरिंग गन मी आणतो. मीटर तू काढून ठेव, आणि आधी त्याचा सेल तपास.