कानाची कविता, डोळ्यांचे चित्र

सचित्र कवितेच्या पुस्तकात शब्द आणि चित्र एकाच पानावर असले, तरी दोन्ही मुलापर्यंत वेगवेगळ्या रीतीने पोचतात. कविता क्रमाने येते. शब्द उच्चारला की तो सरला. चित्र एकदम समोर येते आणि हलत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला चित्र स्वतः पाहता येते, कविता मात्र दुसऱ्याच्या तोंडून घ्यावी लागते. म्हणून वाचून दाखवणाऱ्याला शब्द म्हणण्याबरोबर कुठे थांबायचे हेही ठरवावे लागते. ऐकलेले आणि पाहिलेले यांची गाठ मुलाच्या मनात पडते ती बहुधा अशा थांबण्याच्या जागी. आपल्याकडे कविता म्हणण्याची सवय दांडगी आहे, थांबण्याची तेवढी नाही.

चित्र दाखवत पद्य गाण्याची कला महाराष्ट्राला जुनी आहे. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने ही परंपरा आजवर टिकवली; तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची सुट्या चित्रांची थप्पी म्हणजे पोथी. चित्रकथी वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने गातो आणि एक चित्र समोर उभे करतो. त्या प्रसंगाचे गाणे-बोलणे संपेपर्यंत ते तसेच राहते, मग पुढचे येते. पुढचे चित्र आधी दिसत नाही, आणि समोरच्या चित्राची कधी घाई होत नाही. ही करमणूक मुख्यतः मोठ्यांसाठी होती, पण बालवाडीने तिच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

छापील बालकवितेत चित्र बराच काळ दुय्यम राहिले. वा. गो. आपटे यांच्या ‘आनंद’ मासिकाने १९०६ पासून मुलांना कविता दिल्या, तरी त्या काळच्या छपाईत चित्राला वाव थोडाच होता. बंगालीत सुकुमार राय यांनी ‘आबोल ताबोल’मधल्या अद्भुत प्राण्यांची चित्रे स्वतःच काढली. ते पुस्तक १९२३ साली आले आणि त्यातले शब्द व रेषा एकाच डोक्यातून निघालेल्या असल्याने वेगळ्या करता येत नाहीत. मराठीत १९६१ साली विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ ही पुस्तके निघाली आणि उपदेशाचे ओझे उतरलेली, खट्याळ कविता मुलांना मिळाली. १९७१ पासून बालभारतीच्या ‘किशोर’ने चित्रकारांना ऐसपैस पाने दिली. पुढे माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेने लेखणी आणि कुंचला दोन्ही हाती घेतले. तरीही गोष्टींच्या चित्रपुस्तकांच्या मानाने कवितेची चांगली चित्रपुस्तके मराठीत आजही कमीच आहेत.

ही पुस्तके पोचायची ती कुठे, हे पाहायला सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका घेऊ. तिथल्या मुलाचा कान पुस्तक हाती येण्याआधीच बराच तयार झालेला असतो. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी जाते आणि तुकोबांची अकलूजवरून. दोन्ही पालख्यांचे अभंग या एकाच तालुक्यात ऐकू येतात. धनगर वाड्या-वस्त्यांवर सुंबरान मांडले की ढोलाच्या ठेक्यावर ओव्या रात्रभर चालतात. जात्यावरच्या ओव्या जात्यांबरोबर मागे पडल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून त्यातल्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवून ठेवल्या. आजीच्या मांडीवरची बडबडगीते मात्र अजून शिल्लक आहेत. उणीव आहे ती पानाची. घरात मुलाचे म्हणून एखादे चित्रांचे पुस्तक असणे हे तालुक्याच्या गावातसुद्धा अपवादाचे, मग उसाच्या फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या, गळीत हंगामापुरत्या आलेल्या लेकरांची गोष्टच नको.

पुस्तकाची गाठ पडते ती अंगणवाडीत नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि तिथे कवितेला लगेच चाल लागते. बाई ओळ म्हणतात, पोरे ती टिपेच्या आवाजात परत म्हणतात, हातवारे होतात. याचे नाव कृतियुक्त गीत. त्यात वाईट काही नाही. बुजरे मूलही घोळक्यात तोंड उघडते आणि पाठांतर विनासायास होते. पण चालीला खंड चालत नाही, आणि दोन्ही हात हातवाऱ्यांत गुंतल्यावर पुस्तक धरणार कोण? ते दप्तरात राहते. शिवाय एकच ठेका सगळ्या कवितांना लागला की पावसाची कविता आणि मांजराची कविता सारखीच ऐकू येऊ लागते.

थांबून वाचणे कसे असते, ते उदाहरणासाठी रचलेल्या दोन ओळींवरून पाहता येईल. अकलूजला घोडेबाजार भरतो, तेव्हा घोडी या मुलांच्या ओळखीची. डाव्या पानावर ओळ आहे: ‘बाजाराला निघाली घोडी’. उजव्या पानावर: ‘पायांत जोड्यांची एकच जोडी’. चित्रात घोडीच्या पुढच्या दोन पायांत लाल जोडे आहेत, मागचे दोन पाय उघडे. बाईंनी ‘एकच’ या शब्दाशी थांबायचे. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाला ‘जोडी’ हा शब्द पोरेच पुरवतात. मग पुस्तक तसेच धरून गप्प राहायचे. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणते, “बाई, मागच्या पायात न्हाई की!” दुसरे म्हणते, “पैसं संपलं आसतील.” उघड्या पायांबद्दल कवितेत अवाक्षर नाही, ते चित्राने सांगितले आणि पोरांनी पकडले. बाईंनीच आधी बोट ठेवून “बघा, घोडीला पाय किती?” असे विचारले असते, तर त्याचा गणिताचा तास झाला असता.

“मागं का न्हाई?” यासारख्या, एका शब्दात न संपणाऱ्या प्रश्नाला मात्र इथे जागा आहे. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवले की चित्रपुस्तक वाचताना पालकांनी असे मोकळे प्रश्न विचारले आणि मुलांच्या उत्तरांत भर घातली, तर त्या मुलांची भाषा नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे जाते.

यमकाचा संबंध पुढच्या वाचनाशीही आहे. ऑक्सफर्डच्या पीटर ब्रायंट, लिनेट ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी ६४ मुलांची वाटचाल तीन वर्षांच्या वयापासून सहाव्या वर्षापर्यंत पाहिली. १९८९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की लहानपणी बडबडगीते जास्त येणारी मुले पुढे वाचन-लेखनात सरस ठरली. तो अभ्यास इंग्रजीचा होता आणि देवनागरीची घडण निराळी. पण देवनागरीत यमक डोळ्यांनाही दिसते. घोडी आणि जोडी या शब्दांत पहिले व्यंजन बदलते. ओकाराची मात्रा आणि ‘डी’ जिथल्या तिथे राहतात. ऐकून तोंडात बसलेली जोडी मोठ्या अक्षरांत पानावर दिसली, की मात्रा हे आवाजाचे चिन्ह आहे हे मुलाला तक्त्याशिवाय उमगू लागते.

पोरांनी “न्हाई” म्हटले तर तिथल्या तिथे “नाही म्हण” असे सुधारायचे का, हा बाईंपुढचा नेहमीचा पेच. मॅक्सीन बर्नसन यांनी शेजारच्या फलटणच्या मराठी बोलण्यातल्या सामाजिक भेदांवर पीएच.डी.चे संशोधन केले आणि पुढे तिथेच १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. बोलीत बोलणारे मूल भाषेत कच्चे नसते, एवढे तर अशा संशोधनातून स्पष्ट आहे. कविता जशी छापली आहे तशी वाचावी, तिच्यावरच्या गप्पा बोलीत होऊ द्याव्यात. पुस्तकी मराठी कवितेच्या ओळींतून कानावर पडतेच.

ध्वनिमुद्रित कवितेचाही विचार करायला हवा, कारण सोलापूर जिल्हा त्यात पुढे आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, गोष्टी मोबाइलवर ऐकण्याची सोय केली. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. ज्या घरात वाचणारे कुणी नाही, तिथे असा आवाज मोलाचा. मात्र मुद्रित आवाज मुलाचा चेहरा पाहून थांबत नाही. कोपऱ्यातल्या पोराची नजर अजून घोडीच्या खुरांवर आहे, हे त्याला कळत नाही. त्या घरातल्या आईला अक्षरे येत नसली तरी चित्र वाचता येते. एकदा ऐकवून मोबाइल बाजूला ठेवला आणि तीच पाने तिने मुलाबरोबर उलटली, तर थांबण्याचे काम ती बाईंपेक्षा चांगले करील, कारण तिच्यापुढे तीस पोरे नसतात.

अंगणवाडीत गैरसोयी पुष्कळ. पुस्तक लहान, पोरे जास्त. अशा वेळी आठ-दहा जणांचा अर्धगोल करून बाकीच्यांना मदतनीसताईंकडे खेळायला द्यावे, आणि पुस्तक मांडीवर न ठेवता चेहऱ्याशेजारी, पोरांच्या नजरेच्या उंचीला धरावे. कवितेची अक्षरे पाठमोरी होतात म्हणून ती आधी पाठ हवी. तेही जमत नसेल, तर पिंगुळीची रीत आहे: जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर एकेका कडव्याचे मोठे चित्र काढायचे आणि सुटे कागद एकामागून एक दाखवायचे. आठवड्याला एक कविता पुरे. चार-पाच दिवसांनी एखादे पोर पुस्तक उलटे धरून, बोट भलत्याच ओळीवरून फिरवत, सगळी कविता घडाघडा म्हणून दाखवते. तेव्हा पुस्तक सुलटे करून द्यावे. बोट ओळीवर आणण्याची घाई पहिलीपर्यंत थांबू शकते.